इटलीचा शिक्का

"खरवडू नका! आधी माझं ऐका," मी ओरडेपर्यंत सिल्व्हानसने अंगठ्याच्या नखाने अर्धं कार्ड खरवडलंही होतं. चंदेरी भुगा चामड्याच्या तुकड्यांवर पडला आणि खालून छापील इंग्रजी शब्द वर आले.

माझा नवरा सिल्व्हानस आमच्या अबा शहराच्या बाजारात बूट शिवतो, मी बुटांचे तळ चिकटवते. आमच्या नायराची नोट घरात ठेवली की दर महिन्याला तिची किंमत झिजते, म्हणून शिल्लक पडेल ते आम्ही फोनवरून बिटकॉइनमध्ये टाकत आलो. तळ दाबून बसवायचं स्वतःचं यंत्र घ्यायचं होतं. दुसऱ्याच्या यंत्रापुढे रांग लावण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलं होतं. फोन चोरीला गेला तर सगळंच जाईल, म्हणून ही अंगठ्याएवढी डबी आणली. हार्डवेअर वॉलेट म्हणतात तिला. चोवीस शब्द हीच तिची किल्ली, आणि ते खोक्यातल्या या कार्डावर छापून आले होते. ज्याच्याजवळ शब्द, त्याची नाणी.

"अहो, हे शब्द कुणीतरी छापलेत ना? मग त्यानं वाचलेही असतील."

"रिचार्जच्या कार्डावर नंबर छापलेला नसतो होय? खरवडायच्या आधी कुणी चोरलाय कधी? पोरं परीक्षेचा निकालसुद्धा कार्ड खरवडूनच बघतात. आणि हे प्लास्टिक बघ. एक सुरकुती नाही. वर चकाकता शिक्का. कंपनीतून आलंय हे."

"फेस्टसच्या दुकानातून आलंय."

"ब्रदर फेस्टस आपल्या चर्चमध्ये गातो, सोमतोच्या आई. तुला सगळीकडे चोरच दिसतात."

सोमतो आमची थोरली. तिचं नाव घेऊन हाक मारली की पुढे बोलायचं नाही, असा आमच्या घरातला रिवाज. मी पुन्हा तळ चिकटवायला लागले. त्याने शब्द एकेक करून डबीत भरले आणि आमची सगळी जमा एकाच दमात तिच्यात पाठवून दिली. सकाळी प्रार्थना आटोपून पाहिलं, तर डबी रिकामी.

सिल्व्हानस बाकावर बसून राहिला, मी मात्र तशीच, डिंकाने डागाळलेल्या हातांनी फेस्टसच्या दुकानात गेले.

"मीपण सीलबंदच घेतलं होतं, मॅडम," फेस्टस म्हणाला. "सील तुमच्या मिस्टरांनी स्वतः तपासलं. आता देवावर सोडा."

"देवाला मधे घालू नकोस. कार्ड देवानं नाही छापलं. तुझी स्वतःची आहे का अशी डबी?"

"आहे की."

"तिचे शब्द कुठून आले?"

तो काउंटर पुसायला लागला. आजूबाजूचे दुकानदार जमले होते. मी पुन्हा विचारलं, यावेळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"डबीनंच दाखवले. मी कोऱ्या कागदावर लिहून घेतले."

"मग आमचे छापून कसे आले?"

"मॅडम, ही स्वस्तात मिळत होती. म्हटलं, गिऱ्हाइकाला सोपं पडेल..."

म्हणजे याला ठाऊक होतं! सोपं पडेल म्हणे. मी त्याच्या काउंटरवर थुंकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

परत आले तेव्हा सिल्व्हानस डबीच्या खोक्यावरचं फाटलेलं प्लास्टिक हातात घेऊन बसला होता. घडी उलगडत होता, पुन्हा घालत होता.

"कोपरा असाच दुमडतात," तो हळूच म्हणाला. "मीपण असाच दुमडतो."

त्याच्या डोक्यावर खिळ्याला, बुटात चिकटवायच्या 'मेड इन इटली' छापलेल्या चकाकत्या पट्ट्यांची माळ लटकत होती. खाली गरम हवेचं मशीन, त्याने आमच्या खोक्यांवर प्लास्टिक घट्ट बसतं. बाजारात सगळेच तसं करतात. अबाचा बूट म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि तोच बूट इटलीचा म्हटला की छातीशी धरतं.

"रोज हातानं सील लावता, तरी सील बघून भुललात!" मी म्हणाले. फार लागेलसं बोलले. त्याला लागावं असंच मला वाटत होतं.

माझे ठेवणीतले लेसचे कपडे विकून मी दुसरी डबी मागवली, थेट कंपनीकडून. सिल्व्हानसने खोका चारही बाजूंनी फिरवून पाहिला. सील नव्हतंच. सील कुणालाही लावता येतं, म्हणून ही कंपनी ते लावतच नाही.

भरदुपारी दार लावून बसलो. डबीने इवल्याशा पडद्यावर शब्द एकेक करून दाखवले. मी वाचले, त्याने कोऱ्या कागदावर लिहिले.

"फोटो काढून ठेवू का? कागद हरवला तर?"

"हात लावून बघा त्या फोनला."

मग मी त्याला डबीतलं सगळं पुसायला लावलं आणि कागदावरच्या शब्दांनी ती पुन्हा चालू करायला लावली. चोवीसच्या चोवीस शब्द बरोबर निघाले, तेव्हा कुठे बुटांच्या एका जोडीची किंमत तिच्यात टाकली. टाकायला दुसरं होतं काय? यंत्राचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या देशातल्या डुआला शहराचा व्यापारी माल घ्यायला आला. त्याने बूट उचलला, आत डोकावला.

"इटली कुठं गेलं?"

"इटलीतच असेल," सिल्व्हानस म्हणाला. "बूट अबाचा आहे."

"मग भाव पाडावा लागेल."

"पाड."

माझं टाळकं सरकलं. होतं नव्हतं ते गेलं आणि हा माणूस उरलेला भावही घालवायला निघाला! मी तोंड उघडलं, तेवढ्यात व्यापाऱ्याने बूट उजेडात धरला. आत, पट्टीच्या जागी, तापवलेल्या आरीच्या टोकाने डागलेली अक्षरं होती, थोडी तिरकी: ओनुओहा, अबा. आमचं आडनाव. हे त्याने केव्हा केलं, मला कळलंही नव्हतं.

व्यापाऱ्याने नखाने खरवडून पाहिलं. अक्षरं निघाली नाहीत.