अठ्ठाविसावी घडी

बंद पंखा. बोटाला लागलेली हळद. चहाचा एक थेंब, पदरावर, डावीकडे. सोमवार. चार तुकडे. सत्तावीस माणसं.

मी एक जुना शालू आहे. मित्रांनो, गोंधळू नका. मी घडीत राहतो, त्यामुळे माझी गोष्टही सरळ उलगडत नाही. मधला भाग आधी येतो, टोक मागून.

टोक हे. बनारसच्या एका मागावर मी विणला गेलो. जांभळं रेशीम, सोनेरी जर. डोणगावच्या लग्नबस्त्याच्या दुकानात आलो. नवऱ्या मुली मला अंगावर टाकून आरशात हसायच्या आणि त्यांच्या आत्या म्हणायच्या, "लयच गडद." अशा आत्यांनी मला अकरा वर्षं दुकानातच ठेवलं. मग मालक शेखरभाऊंनी ठरवलं, की विकला जात नाही तर मुलाखतीला वापरू.

आता माझं काम ऐका आणि सांगा, कोणाला वैताग येणार नाही?

दर लग्नसराईआधी विक्रीसाठी नवं माणूस लागतं. आलेल्यानं मला गादीवर उलगडायचं, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, चार शब्द बोलायचे आणि पुन्हा जुन्याच रेघेवर घडी घालायची. बोटभर सरकली की नापास. अविनाश नावाच्या एकानं मला "कालच आलेला पीस" म्हटलं. कालच! एकीनं माझ्या पदरानं मान पुसली. एक जण चहाचा कप घेऊनच गादीवर चढला. आणि सगळ्यांची त्याच रेघेवर घडी, वर तळहाताची थाप! सत्तावीस वेळा. तिथली जर काळी पडून तुटायला लागली होती. कोणी पाहिलं? छे! "वा, घडी काय बसली!"

अठ्ठाविसावी धम्मशीला. गावातलीच. घरी साड्यांना फॉल-पिको करायची. पण हल्ली लोक दुकानातूनच फॉल लावून नेतात, म्हणून तिचं मशीन झाकलेलं. ही नोकरी लागली नाही तर सोमवारी गाव सोडून चाकणच्या कंपनीत जायचं, हे तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं.

शेखरभाऊंनी मोबाइलमध्ये बघून विचारलं, "पाच वर्षांनी तू सोताले कुठं पाहतं?"

"भाऊ, मले सोमवारचं माहीत नाही, अन् तुम्ही पाच वर्षांचं विचारून राह्यले."

गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या आई, रुक्मिणीबाई, पदराआड हसल्या.

धम्मशीलानं आधी पंखा बंद करायला लावला. स्वयंपाकाची हळद बोटांवर होती, ती रुमालानं पुसली. मग मला उलगडलं. "रंग गडदच आहे. पण मांडवातल्या लाइटीत उठून दिसते. आत्याले नाही आवडणार. पण नेसायचा तं नवरीले आहे ना?"

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल पहिलं खरं वाक्य!

घडी घालताना ती थांबली. काळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि मला दुसरीकडूनच दुमडलं.

"चुकली," शेखरभाऊ म्हणाले. "जुन्या रेघेवर घाल."

"नाही घालत, भाऊ."

"काऊन?"

"जर तुटून राह्यली तिथं. दोन-तीन महिन्यांनी घडी फिरवा लागते. नाही तं चिरते."

"मले शिकवू नको. घालून दे, नाही तं पुढचा बसला आहे बाहेर."

घाल ना गं बाई! मी आतल्या आत ओरडत होतो. आणखी एकदा दाबला गेलो तर काय मोठं! सोमवार आला ना तुझा!

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तसंच, नव्या घडीवर, गादीवर ठेवलं. "मंग त्यालेच बोलवा," म्हणाली आणि चपला शोधू लागली.

मुलाखतीत कधीच न बोलणाऱ्या रुक्मिणीबाई तेव्हा बोलल्या. "शेखर, बाहेरच्याले सांग, जागा भरली."

"आई, पण ते नापास झाली!"

"तू कधी शालू नेसला का रे?"

सोमवारी धम्मशीला सकाळीच दुकानात हजर होती. मी अजून विकला गेलो नाही. आत्या अजून जिवंत आहेत. पण दर दोन-तीन महिन्यांनी ती माझी घडी फिरवते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटाच्या तळाशी असा कोणी पडला असेल. छान बसलाय म्हणून तसाच राहू देऊ नका. त्याला बाहेर काढा. हात पुसून.

रुक्मिणीबाईंचा लग्नातला शालू पेटीतल्या पेटीत घडीवर चिरला होता, त्याचे चार तुकडे झाले होते.