फुकटचा सल्ला

जिन्याखालचं सायकल दुरुस्तीचं दुकान इतकं अरुंद होतं की मालक आत बसला की सायकल बाहेर आणि सायकल आत घेतली की मालक बाहेर. मालकाचं तोंड मात्र दोन्हीकडे सारखंच चालायचं. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधता शोधता तो गिऱ्हाइकाच्या संसारातली भोकंही शोधायचा आणि तिथल्या तिथे ठिगळ लावून मोकळा व्हायचा. घरमालक खोली सोडायला सांगतोय? "जिन्यात खाट टाक आणि आडवा हो, बघू कसा हलवतो ते." शाळा मुलीला घेत नाही? "मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन बस. कंटाळून घेतील." गल्लीने त्याचं नाव बॅरिस्टर ठेवलं होतं. ठेवलं होतं चेष्टेने, पण याने ते पदवीसारखं मिरवलं.

त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच्याच दोन खोल्यांत राहायची. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची. तिथली इस्त्री म्हणजे गरम लाटण्यासारखं धूड. इकडून चुरगळलेली चादर आत घालायची, तिकडून ती ताठ होऊन बाहेर पडायची. हात आत जाऊ नये म्हणून पुढे जाळी असते, ती कधीचीच मोडली होती. एका दुपारी चादरीची कड अडकली, अक्का ती सोडवायला गेली आणि उजव्या हाताची बोटं भाजून बसली.

दोन दिवसांनी हॉटेलातून निरोप आला. तुमच्याच निष्काळजीपणाने झालं, आता कामावर येऊ नका. नोकरी स्वखुशीने सोडते अशी सही करा आणि राहिलेला पगार घेऊन जा.

"करून टाक सही," बॅरिस्टर म्हणाला. "मोठ्या लोकांच्या नादी लागू नये. पगार तरी पदरात पडेल."

अक्का मोरीपाशी बसली होती. डाव्या हाताने भांडी विसळत राहिली. कोणी गप्प बसलं की त्याला आपलं म्हणणं पटलं, अशी बॅरिस्टरची समजूत होती. त्याच्या बायकोची तशी नव्हती.

"अहो," ती म्हणाली, "वाचनालयाच्या मागच्या खोलीत सल्ला केंद्र आहे. दर मंगळवारी बसतात. पैसे घेत नाहीत. अक्कांना घेऊन जाऊ या का?"

"फुकटचा सल्ला काय कामाचा?"

"मग तुम्ही काय पावती फाडता?"

हात भाजल्यापासून अक्का पहिल्यांदा हसली. बॅरिस्टरला ते हसू चांगलंच झोंबलं, आणि म्हणूनच मंगळवारी तो दुकान बंद करून दोघींच्या पुढे निघाला. तिथे बसून कोण काय अक्कल पाजळतंय ते त्याला एकदा बघायचंच होतं.

खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक कुरकुरता पंखा आणि चहाची किटली. आणि अर्धी गल्ली! बॅरिस्टरने मान खाली घातली, पण उशीर झाला होता.

"अरे, बॅरिस्टर! तुम्हीपण?" खाटवाला शेजारी कोपऱ्यातून ओरडला. "तुमचं ऐकून जिन्यात खाट टाकली ना, तर मालकाने खाटच उचलून नेली! इथल्या ताईंनी परत मिळवून दिली. खोलीपण राहिली."

आसपासचे लोक हसले. बॅरिस्टरने पंख्याच्या दुरुस्तीचा विचार करत असल्यासारखं वर बघितलं.

टेबलामागच्या ताई जाड भिंगांचा चष्मा लावून बसल्या होत्या. त्यांनी आधी अक्काला चहा दिला, तोही डाव्या हाताशी ठेवून. मग विचारलं, "सही केलीत?"

"नाही."

"छान. करूही नका. आता सगळं पहिल्यापासून सांगा."

"मी सांगतो," बॅरिस्टर पुढे सरकला. "त्याचं असं आहे—"

"हात तुमचा भाजलाय का?"

"नाही, पण—"

"मग यांना सांगू द्या."

बायकोने त्याचा सदरा मागून ओढला. अक्का आधी अडखळली, मग बोलत सुटली. जाळी मोडल्याचं तिने सुपरवायझरला तीनदा सांगितलं होतं. दर वेळी 'बघतो' एवढंच उत्तर मिळालं होतं. बॅरिस्टर ऐकत राहिला. रोज एका ताटलीभर अंतरावर जेवणाऱ्या बहिणीने हे त्याला कधीच सांगितलं नव्हतं. की त्यानेच कधी विचारलं नव्हतं?

"कामावर इजा झाली, तर उपचार त्यांनी करायचे," ताई म्हणाल्या. "आणि असं घरी बसवता येत नाही. बऱ्या होईपर्यंतचा पूर्ण पगार मिळेल का, ते मात्र मला नक्की माहीत नाही. विचारून सांगते."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. बॅरिस्टर आ वासून बघत राहिला. एवढी शिकलेली बाई, भरल्या खोलीत खुशाल 'माहीत नाही' म्हणते, आणि तिची किंमत तसूभरही कमी होत नाही! उलट खाटवाला आदराने मान डोलावत होता.

फोनवरून उत्तर मिळालं, ते अक्काच्या बाजूचं होतं. पुढच्या आठवड्यात ताई स्वतः तिच्याबरोबर हॉटेलात गेल्या. बॅरिस्टरही गेला, पण एका अटीवर: तोंड उघडायचं नाही. मॅनेजरच्या गार खोलीत तो ओठ आवळून बसला.

"निष्काळजीपणा झालाय यांच्याकडून," मॅनेजर म्हणाला.

ताईंनी अक्काकडे बघितलं. अक्काने पदर सावरला. "साहेब, जाळी मोडलीय हे मी तीनदा सांगितलं. सोबतच्या बायकांनाही विचारा. आज कोणीही त्या यंत्रापाशी गेलं तर तेच होईल. चला, दाखवते."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. मॅनेजरने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं आणि वरच्यांशी बोलतो म्हणाला. त्याच्या बोलण्यातला ताठा मात्र तेवढ्यात उतरला होता.

मग बरेच दिवस काहीच हललं नाही. ताईंनी आणखी दोनदा फोन केले. अखेर हॉटेलने उपचारांचा भार उचलला, घरी बसल्या दिवसांचा पगार दिला आणि अक्काला परत बोलावलं. जाळीही नवी बसवली.

दरम्यान दुकानात एक आजोबा पेन्शनचं विचारायला आले. बॅरिस्टरने सवयीने तोंड उघडलं, मिटलं, ट्यूब उगाच पुसली आणि म्हणाला, "मला... नक्की माहीत नाही. मंगळवारी वाचनालयामागे जा."

"बरं वाटत नाही का रे तुला?" आजोबांनी काळजीने विचारलं.

"ठीक आहे मी. आणि तिथल्या ताई माझ्याच मताच्या आहेत," तो घाईघाईने म्हणाला.

अक्काचं मधलं बोट अजून पुरतं वाकत नाही. म्हणून तिला घड्या घालायच्या टेबलावर घेतलंय. पहिल्या दिवशी ती परतली, चपला काढल्या आणि भिंतीला टेकून बसली.

"कसं झालं?" बॅरिस्टरने विचारलं, आणि या खेपेला तो उत्तरासाठी थांबला.

"पाय दुखतायत," अक्का खुशीत म्हणाली आणि दिवसभरात काय काय झालं ते सांगू लागली.