वल्लरीचा कीबोर्ड आणि नशराचा रिमोट

शनिवारी शाळा सुटली, वरणभात पोटात गेला आणि वल्लरी कॉम्प्युटरचा कीबोर्ड पंच्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून आळीतून निघाली. मुरारी शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, "काय गं, पेटी घेऊन भजनाला का?" वल्लरीने मान ताठच ठेवली. लढाईला निघालेल्या माणसाने वाटेत थांबू नये.

लढाई होती नशराशी. ही नशरा म्हणजे तळ्यामागच्या आळीतली, पहिलीपासून वल्लरीच्याच बाकावरची. दर शनिवारी दुपारी ती वल्लरीकडे यायची, कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत रंगायची. मग दिवाळीच्या सुट्टीत नशराचे साकिबमामू दुबईहून प्लेस्टेशन घेऊन आले आणि नशरा यायचीच बंद झाली.

वल्लरीला हे असं झोंबलं, की सरळ 'ये ना गं' म्हणायचं सोडून तिने भर वर्गात तोफ डागली. "टीव्हीला लावायचा डबा तो! पोराटोरांचं खेळणं. त्यात रॅम किती, सांग बघू?"

"रॅम माहीत नाय," नशरा म्हणाली, "पण तुझ्या कॉम्प्युटरसारखा मध्येच हँग होत नाय."

"माझ्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग पण करता येतं!"

"केलंस कधी?"

वर्ग खदखदा हसला आणि तिथेच पैज लागली. एक शर्यत, नशराच्या घरी. वल्लरी जिंकली तर नशराने पुन्हा दर शनिवारी तिच्याकडे यायचं. नशरा जिंकली तर वल्लरीने नशराकडे. गाड्यांचं काय घेऊन बसलात, वल्लरीला तिची शनिवारची नशरा परत हवी होती. पण जीव गेला तरी हे ती बोलणार नव्हती.

"अगो, हे काय आणलंस?" पंचा सुटताना बघून नशराची आई, रुकय्याचाची, चकित झाल्या.

"कीबोर्ड, चाची. मी ते रिमोट-बिमोट धरणार नाही. जिला दहा बोटं आहेत तिने नुसत्या अंगठ्यांनी का खेळायचं?"

प्लेस्टेशनपुढे मांडी ठोकून तिने वायरीचं टोक खुपसलं. फिरवून खुपसलं. फुंकर मारून खुपसलं. गोल पिन त्या चपट्या भोकात जाते कशाला! नशरा आधी ओढणी तोंडात कोंबून बसली, मग सतरंजीवर लोळायलाच लागली.

"आता घरी जातेस, की घेतेस रिमोट?"

घरी गेलं की शनिवार गेलाच. वल्लरीने रिमोट घेतला.

पडद्याचे दोन भाग झाले. वर नशराची गाडी, खाली वल्लरीची. वळण आलं की वल्लरी अख्खी वळायची. डाव्या वळणाला चाचींच्या मांडीवर, उजव्याला लोडावर. गाडी मात्र कठड्याला नाक लावून उभी.

"ब्रेक सोड, गॅस दे गो!" नशरा ओरडली. "आमच्या अब्बांचा ट्रक रोज पोलादपूरचा घाट चढतो, तो पण एवढा रडत नाय!"

आणि एकाएकी तिची स्वतःची गाडी मंदावली. शेवटच्या वळणावर चक्क थांबली.

"हे काय? दया करतेस?" वल्लरी भडकली. "मला असलं जिंकणं नको!"

"तू जिंकलीस तर मी येईन की तुझ्याकडं. तेच पायजे ना तुला?"

वल्लरीचे कान गरम झाले. इतकं उघड दिसत होतं होय!

"पण एक सांगू?" नशरा पडद्याकडेच बघत म्हणाली. "तुझ्याकडं मी खेळायची कधी? खुर्चीत तू, बाजूला स्टुलावर मी. 'ही लेव्हल अवघड आहे, तुला नाही जमायची, पुढची देते.' दोन वर्षं पुढचीच चाललीय. इथं बघ, रिमोट दोन हायत."

वल्लरी आठवून आठवून थकली. स्टुलावरून "उजवीकडं, उजवीकडं" ओरडणारी नशरा आठवली, टाळ्या पिटणारी आठवली. खेळणारी काही केल्या आठवेना.

"चालव," ती हळूच म्हणाली. "जिंक तू."

"मग तुला दर शनिवारी इथं यावं लागेल."

"लागू दे."

नशराने अंगठा दाबला आणि तिची गाडी सुसाट रेषेपार गेली. चाचींनी हसत खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी मध्ये सरकवली. खालच्या अर्ध्या पडद्यावर एक गाडी अजून कठड्यालाच टक्कर देत होती.

ज्या वल्लरीला वर्गात सगळं आधीच ठाऊक असायचं, तिने नशराला कोपराने ढोसलं. "ए, हसू नकोस हं. ही मागे कशी घ्यायची, ते सांग ना."