रविवारचा बाप

"रविवार म्हणजे रविवार! कोर्टाला तुमच्या पाळ्या समजत नाहीत," वकीलसाहेब वैतागले. धरमपेठेतल्या त्यांच्या खोलीत कागद तयार होत होता. सहा वर्षांची मित्रा आईजवळ राहणार, बाप आठवड्यातून एक दिवस भेटणार.

"साहेब, मी कोराडीच्या वीज कारखान्यात बॉयलरवर आहो. माही सुट्टी दर हप्त्याले बदलते," आनंदरावाने तिसऱ्यांदा सांगितलं. "मले रविवारातच काहून अडकवून राहिले?"

"मंगळवारी तिची शाळा बुडवाची का?" समोरून प्रेमिला म्हणाली.

तिचं खोटं नव्हतं, म्हणूनच तो जास्त चिडला. आजवर नवराबायकोचं एका गोष्टीवर पटलं नव्हतं, आणि आता जुळवून घ्यायचं ते एका वारावर! शेवटी त्याने सही ठोकली. एक जरी रविवार चुकला तर कोर्टाच्या कायमच्या हुकमात तोही मिळणार नाही, असं वकिलांनी बजावलं.

रविवारचा दिवस मोकळा मिळावा म्हणून त्याने पाळ्या लावणाऱ्या नत्थूच्या हातापाया पडून दर शनिवारची रात्रपाळी मागून घेतली. सकाळी सुटलं की तोंडावरची राख धुवायची, बस धरायची आणि सक्करदऱ्याला सासऱ्याच्या दारात उभं राहायचं. दोन रविवार असे रेटले. तिसऱ्याला मात्र अंगात त्राण उरलं नव्हतं.

तलावाकाठी झाडाखाली बसल्याबरोबर मित्रा म्हणाली, "बाबा, गोष्ट सांगा ना."

"सांगतो ना वं. एक राजा होता..."

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मित्रा शेजारी बसून फ्रॉकच्या घेराने त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती. पोरीने दुपारभर काही खाल्लंही नव्हतं. स्वतःच्याच थोबाडीत मारावी असं त्याला झालं. ज्या दिवसासाठी आठवडाभर जीव काढला, तो त्याने घोरत घालवला होता.

दारात प्रेमिला उभीच होती. त्याचे लाल डोळे तिने पाहिले, सदऱ्याला चिकटलेलं गवतही पाहिलं.

"काय केलं वं दिवसभर?" तिने पोरीला विचारलं.

आनंदराव सदऱ्यावरचं गवत झटकू लागला.

"बाबानं गोष्ट सांगितली. राजाची."

"दिवसभर?"

"लय लंबी होती. मंग आम्ही भजे खाल्ले," मित्रा म्हणाली आणि घरात पळाली. आतून तिने आजीला जेवायला मागितलेलं दोघांनाही ऐकू आलं.

आनंदरावाची मान वर होईना. खोटं बोलायचं नाही, हे त्यानेच मांडीवर घेऊन, पंचशील म्हणवून घेताना तिला शिकवलं होतं.