बेचाळिसावे पान

"काय मदतबाई, कुठवर आलं तुमचं खोदकाम?" समोरच्या टेबलावरून कारकुनाने विचारले.

कंपनीच्या यंत्रांसोबत जाणारी मदतीची पाने बावीस वर्षे मीच लिहीत आले, म्हणून हे नाव. पूर्वी यंत्रागणिक सगळी पाने बांधून एकच बंद फाइल करत; अनुक्रमणिकेत असतील तेवढीच पाने वाचणाऱ्याला दिसत. नवे संगणक आता त्या फायली उघडेनात. तेव्हा अशा एकशे चौदा फायली एकदम सोडवून पाने सुटी करायचे काम माझ्या गळ्यात पडले. एकदा आज्ञा द्यायची आणि चहा पीत बसायचे. एक बटण दाबायला बावीस वर्षांचा अनुभव लागतो, असे साहेबलोकांना वाटत असावे.

कागद कापायच्या यंत्राच्या फायलीपाशी मी थबकले. अनुक्रमणिकेत एकेचाळीस पाने, बाहेर पडली बेचाळीस.

जास्तीचे पान माझेच होते. 'पाते बदलण्यापूर्वी मुख्य वीज तोडा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पाते अचानक खाली येऊ शकते.'

अकरा वर्षांपूर्वी याच यंत्राने एका कटरवाल्याची तीन बोटे नेली. ही सूचना लिहिल्याचे मला आठवत होते. पण अनुक्रमणिकेत पान नव्हते आणि माझी कच्ची प्रतही सापडेना. विभागप्रमुख म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "विसरलीस गं. होतं असं. मी सांभाळून घेतो." मी त्याचे उपकार मानत राहिले. इस्पितळात जाऊन त्या माणसाची माफीही मागून आले.

अनुक्रमणिका शेवटी दादाच लावायचा.

पान छापून मी त्याच्या खोलीत गेले. त्याने चष्मा लावला, एक ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"तू काढलंस हे?" मी विचारले.

"काढलं नव्हतं. यादीत घातलं नाही, एवढंच. गिऱ्हाईक बिचकलं असतं."

"आणि माझी कच्ची प्रत?"

त्याने पान उलटे करून माझ्याकडे सरकवले.

"दादा, अकरा वर्षं माझं मन मला खात होतं रे!"

"तुझी नोकरी वाचवली ना मी? माझी गेली असती तर घर कोणी बघितलं असतं? आता नव्या यादीत घाल, म्हणजे झालं."

केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. मी ज्याचे पाय धरायचे बाकी ठेवले होते, त्यानेच कापला. मी पान उचलले आणि निघाले.

कटरवाला आता एका गोदामाच्या दारात आवकजावक लिहायला बसतो. मी सगळे सांगितले. त्याने अंगठा आणि करंगळीत पान धरले आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचले. मग पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"सोपं लिहिलंय, बाई," तो म्हणाला. "मला कळलं असतं."

त्याने पान टेबलावर ठेवले, उजव्या तळव्याने दाबून धरले, डाव्या हाताने नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले.