चौकटीत वाळू

स्टीलचा तो स्क्रू दिसतच नव्हता. फोटो कितीही मोठा केला तरी पडद्यावर नुसती वाळू, ओली, दाण्यादाण्यातून चमकणारी—आणि अफिफाला वाटत राहिलं, अजून जरा आत गेलं की कातळ लागेल, त्याला बिलगलेली कालवं, शेवाळ, टोपीसारखे बारके शंख... माण गावातल्या या भाड्याच्या खोलीत दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं. तिच्यापर्यंत ते पोचत नव्हतं.

कोकणातल्या त्या कातळावर स्क्रू बसवून मोजणीच्या चौकटीची जागा तिनंच नेमली होती. दर हिवाळ्यात, ओहोटीला, तिथलाच फोटो. काय जगलं, काय गेलं, ते पाहायचं. यंदा तिला जाववलं नव्हतं. तिच्याऐवजी गेलेल्या सहकाऱ्यानं, शेखरनं, हा फोटो पाठवून मघाशी फोन केला होता—जागा वाळूखाली गेलीय, चौकट थोडी वर सरकवू का, तिथं अजून बरंच जिवंत आहे. कळवते, ती म्हणाली होती.

सरकवली तर चौकट पुन्हा भरेल. कुणी विचारणारही नाही...

तिनं पहिल्या वर्षाचा एक फोटो उघडला. तो बाद झाला होता, कारण चौकटीवर सावली पडली होती—अब्बांची. कोळवणला भात लावण्यात जन्म गेलेला माणूस, समुद्र पहिल्यांदाच बघत होता, सामान उचलायला म्हणून सोबत आला आणि शंखांच्या रांगांपुढं उकिडवा बसून म्हणाला, "हे कुनी लावलं?" ती हसली होती. मी हसले होते, तिच्या मनात आलं... मग शेत विकलं, तिथं कुणाचं फार्महाउस झालं, गेल्या पावसाळ्यात अब्बा गेले, आणि आता हा कातळ—

चहा घेऊन अम्मी मागं येऊन उभी राहिली. हा फोटो अफिफानं तिला कधी दाखवला नव्हता. आज तिनं तो मिटला नाही.

अम्मी त्या वाकलेल्या सावलीकडं बघत राहिली.

"पाय भिजलं असत्याल त्यांचं," ती म्हणाली.

"व्हय. चपला हातात धरल्या हुत्या."

मग अफिफानं शेखरला फोन लावला. तिथं आता टिपण्यासारखं काहीच उरलं नाही, असं तो पुन्हा समजावू लागला.

"चौकट हलवू नकोस," ती म्हणाली. "वाळू आहे तर वाळूचा फोटो काढ."

फोन ठेवल्यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. अम्मी विचारत होती, पाणी कुठवर येतं, किती वेळ राहतं—आणि अफिफा सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या डोळ्यांपुढं पाणी सावकाश मागं सरत होतं, दूर, अजून दूर... खाली काय उघडं पडेल ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तरी ती बघत होती.