वर्खावरची फुंकर

वर्ख लावणाऱ्या बाईच्या खोलीत पंखा नव्हता. कधीच नव्हता. ऐन उन्हाळ्यातसुद्धा खिडक्या बंद, दाराच्या फटीला कापडाची सुरळी, आणि येणाऱ्याने आधी बाहेर उभं राहून दम टाकायचा, मगच आत पाऊल ठेवायचं. सोन्याचा वर्ख इतका पातळ की चिमटीत धरायला जावं तर बोटावरच विरून जातो. कुणी जवळून भरभर गेलं तरी उडतो. चित्रांच्या चौकटी, जाड पुस्तकांच्या कडा, पाट्यांवरची अक्षरं, हे सगळं सोन्यानं मढवण्यात बाईची चाळीस वर्षं गेली होती.

शेजारच्या खोलीत पुस्तकं बांधणारा बाइंडर होता. तो म्हणायचा, "वहिनी, तुमच्याकडे यायचं म्हणजे मेल्यासारखं यावं लागतं. एक दिवस मी खरंच मरेन आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही."

"लागेल," बाई म्हणायची. "बडबड थांबेल ना."

बाईला एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत. आता ती चौतीस वर्षांची होती, नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होती, आणि अठ्ठावीस वर्षांत त्या खोलीत तिनं पाऊल ठेवलं नव्हतं. कुणी तिला येऊ नको असं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. दर दोन-चार मिनिटांनी तिच्या तोंडून "फू" असा आवाज करत श्वास बाहेर पडे, जोरात, मेणबत्ती विझवावी तसा. त्याच्या मागोमाग डावा खांदा उडे आणि डोळे दोनदा घट्ट मिटत. शाळेत पोरं तिला भाता म्हणत. मेंदूच्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक परकं नाव दिलं होतं. हे मेंदूतूनच येतं, घराण्यातूनही येतं, औषधानं कमी होईल, जाईलच असं नाही, असं सगळं त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. ठकीच्या आजोबांचा खांदाही असाच उडायचा. लोक म्हणत, म्हाताऱ्याचा सदरा खांद्यात घट्ट आहे.

डॉक्टरांचं बोलणं बाईनं मान हलवून ऐकून घेतलं. विश्वास मात्र ठेवला नाही. हे कुठून आलं ते आपल्याला ठाऊक आहे, असं तिला वाटे. आणि ते ती कधी कुणाजवळ बोलली नव्हती. नवऱ्याजवळही नाही, आणि तो जाऊनही आता नऊ वर्षं झाली होती.

त्या वर्षी कचेरीत ठकीला वरची जागा मिळत होती. नव्यानं लागलेल्या लोकांना काम शिकवायचं, म्हणजे वीस माणसांसमोर उभं राहून बोलायचं. तिनं नको म्हणून सांगितलं आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून ती मनाच्या डॉक्टरबाईंकडे जाऊ लागली. चार महिने गेली. आणि एका संध्याकाळी भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, डॉक्टरबाई म्हणतात, तू एकदा येशील का?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. लहानपणचं विचारणार आहेत. मला आठवत नाही, ते तुला आठवत असेल. फू."

हातातली ताटली बाईनं परत पाण्यात बुडवली. ती स्वच्छच होती.

डॉक्टरबाईंची खोली जिना चढून वर होती. दोन खुर्च्या, एक लांबट कोच, टेबलावर पाण्याचा तांब्या. खिडकी उघडी होती आणि पडदा हलत होता. सवयीनं बाईला वाटलं, उठून ती आधी बंद करावी. डॉक्टरबाई बाईच्याच वयाच्या, केस पांढरे, पायात जाड मोजे. त्यांना बोलायची मुळीच घाई नव्हती.

"आमच्या बाजूचं म्हणणं काय असतं ते आधी सांगते," त्या म्हणाल्या. "मेंदूचे डॉक्टर सांगतात ते मी खोडून काढत नाही. या मुलीचं शरीर जन्मापासूनच जरा तसं आहे. पण शरीर झटके देणारच असेल, तर ते नेमके हेच का देतं, हे आम्ही शोधतो. लहान मुलाला एखादी हालचाल फार करावीशी वाटते. घर म्हणतं, ती करायची नाही. मुलाला घरही हवं असतं आणि ती हालचालही हवी असते. मग शरीर मधला मार्ग काढतं. हालचाल करतं, पण इतक्या झटक्यात की मूल म्हणू शकतं, मी नाही केली, ती आपोआप झाली."

"म्हणजे चोरून केल्यासारखं," बाई म्हणाली.

"जवळजवळ तसंच. फक्त चोराला स्वतःलाच चोरीचा पत्ता नसतो."

ठकी हसली. तिचा खांदा उडाला. "आधी आतून हुळहुळतं, आई. शिंक दाबावी तसं. दाबली तर दाबता येते, पण किती वेळ?"

बाई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. कातडीच्या चिरांत वर्ख चिकटवायच्या सरसाचा पिवळा रंग कायमचा बसला होता. इथून उठून गेलं तर कुणी अडवणार नाही, हे तिला कळत होतं. पोरगी तरी काय म्हणणार? म्हणेल, आईला आठवत नाही. आणि आयुष्यभर आपल्याकडे बघेल ती आत्ता बघते तशीच, मायेनं. सांगितलं तर ती नजर राहील की जाईल, ते कुणी सांगावं?

"मी तोंड दाबलं होतं तिचं," बाई म्हणाली.

"सहा वर्षांची होती. तिला ठेवायचं कुठं, म्हणून मी खोलीत माझ्याशेजारीच बसवायची. दिवस दिवस. हलायचं नाही, शिंकायचं नाही, बोलायचं नाही. गुणी पोर, बसायची. त्या दिवशी एका मोठ्या चौकटीचं काम होतं. चामड्याच्या गादीवर मी वर्ख काढून ठेवला आणि कुंचला घ्यायला वळले. तेवढ्यात हिनं वाकून जोरात फुंकर मारली. गादीवरचा तर गेलाच, शेजारी वर्खाची वही उघडी होती, तिच्यातलेही वर्ख उडाले. खोलीभर सोनं. माझं डोकंच फिरलं. मी एका हातानं हिचं डोकं धरलं आणि दुसऱ्या हातानं तोंड दाबलं. पुन्हा फुंकशील? पुन्हा करशील खोडी? असं विचारत राहिले. तोंड दाबलेलं, पोर उत्तर तरी कशी देणार? नाकाला हात लागला होता की नाही, ते देवाला ठाऊक. हिचे डोळे मोठे झाले, तेव्हा मी सोडलं."

"त्याच महिन्यात ही फुंकर सुरू झाली. डॉक्टर मेंदू म्हणतात. मी म्हणते, माझा हात."

ठकीचा चेहरा बाईला बघवेना. "फू" असा आवाज आला, खुर्ची करकरली, एवढंच तिला कळलं.

डॉक्टरबाईंनी पाणी ओतून पेला तिच्यासमोर ठेवला. "डोळे मिटणं कधी सुरू झालं?"

"डोळे?" बाईनं आठवून पाहिलं. "डोळे त्याच्या आधीपासून. पाचव्या वर्षापासून. आम्हाला वाटलं, धूळ जाते."

"म्हणजे हाताच्या आधीच आजाराला सुरुवात झाली होती. ते तुमच्याकडून आलं नाही. फुंकरीचं मात्र अजून मला कळलेलं नाही." त्या थोड्या पुढं सरकल्या. "वर्ख लावतात कसा, हे मी कधी पाहिलेलं नाही. मला करून दाखवता? वस्तू नसल्या तरी चालेल."

बाईला वाटलं, ही आपल्याला सावरायला वेळ देते आहे. बरंच झालं. कामाचं तिला कधीही विचारा, हात आपोआप चालत. तिनं डाव्या तळव्याची गादी केली. "वहीतून सुरीच्या पात्यावर वर्ख उचलायचा, असा. गादीवर सोडायचा. तो सरळ पडत नाही, चुरगळतो. बोट लावायची सोय नाही. मग त्याच्या बरोब्बर मध्यावर तोंड न्यायचं आणि…"

तिनं ओठांचा चंबू करून तळव्यावर हलकेच फुंकर मारली. फू. "की तो चारी बाजूंनी सपाट होतो. मग कुंचला गालावरून फिरवायचा, म्हणजे त्याला थोडं तेल लागतं, आणि…"

ती थांबली. शेजारी ठकीची फुंकर नुकतीच पडली होती. तेच ओठ, तीच मान पुढं काढायची लकब. डावा खांदासुद्धा कुंचला घेताना बाईचा उचलला जाई तसाच उचललेला. आवाज तेवढा मोठा.

पडदा हलत होता.

"मी दिवसभर हेच करते," बाई हळूच म्हणाली. "एका चौकटीला शंभरदा. माझं मलाच कधी दिसलं नाही. या खोलीत कुणी फुंकायचं नाही, म्हणून मी पोराला धाक घालत होते, आणि मीच…"

"वर्ख चुरगळला होता," ठकी म्हणाली.

दोघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"तो दिवस मला धड आठवत नाही. हात आठवतो, त्याचा सरसाचा वास आठवतो. पण वर्ख चुरगळला होता, आणि तू वळली होतीस. मग तो सपाट कोण करणार?" तिचे डोळे घट्ट मिटले आणि उघडले. "आई, म्हणजे मी खोडी करत नव्हते. मी तुझं काम करत होते."

बाईनं पदर तोंडाला लावला. अठ्ठावीस वर्षं ती आपल्या हाताची लाज वागवत आली होती. पण त्या हाताखाली एक मदतीला आलेलं पोर होतं आणि त्याला आपण चोर ठरवलं होतं, हे तिला आज कळलं. आधीच्यापेक्षा हे जास्त लागलं. तरी सांगितल्याचा तिला पश्चात्ताप झाला नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तेव्हाच विचारायला हवं होतं. हात काढून विचारायला हवं होतं."

"आत्ता कळलं ना. फू. चल, पाणी पी."

उतरताना जिन्यावर ठकीनं आईचा दंड धरला होता. कोण कुणाला सावरत होतं ते सांगणं कठीण होतं. दारापर्यंत पोचवायला आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "हे सगळं कळलं म्हणून झटके उद्या थांबतील, अशी आशा धरू नका. पुष्कळदा थांबत नाहीत."

"मग उपयोग काय?" बाईनं विचारलं होतं.

"तो तुमच्या मुलीला विचारा. थोड्या दिवसांनी."

थोडे दिवस लागलेच नाहीत. पुढच्याच सुट्टीला सकाळी ठकी खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. बाइंडर आपल्या दारातून ओरडला, "अगं ठके, आत जाते आहेस? सोनं उडेल की सगळं!"

"उडू दे," आतून बाई म्हणाली. "तुम्ही तेवढं तोंड मिटून बसा. तुमच्या बोलण्यानं जास्त उडतं."

ठकी बसली. बाईनं गादी तिच्यासमोर सरकवली, वहीतून वर्ख उचलून सोडला. तो एका कडेला चुरगळला. सकाळच्या उजेडात त्याच्याकडे डोळा ठरेना.

"मध्यावर," बाई म्हणाली. "हळू."

"हळू माझ्या हातात नाही, आई."

"नसू दे."

ठकी वाकली. हळू फुंकर जमवायला तिनं ओठ जुळवले, तोच आतून ती दुसरी आली. फू! वर्ख उठला, गिरक्या घेत वर गेला आणि बाईच्या भुवईवर जाऊन चिकटला.

बाईचा उजवा हात उठला. सरळ पोरीच्या तोंडाच्या दिशेनं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी उठला होता तसाच. दोघींनाही तो दिसला. ठकी मागं सरली नाही. हात मधेच थांबला आणि मग खाली येऊन वहीवर पडला. बाईनं पान उलटलं, सुरीच्या पात्यावर दुसरा वर्ख उचलला आणि गादीवर सोडला.

"हाही चुरगळला," ती म्हणाली. "बघ जरा."